द्रुपदाताईंची शिकवणी

बाळंतिणीच्या घरी आलेला प्रत्येक माणूस आधी पाळण्यात डोकावतो. द्रुपदाताई डोकावत नसत. चपला दाराशी काढून त्या थेट बाईच्या उशाशी बसायच्या आणि विचारायच्या, ‘‘जेवलीस काय गो?’’ उत्तर मिळालं की मगच बाळाकडे वळायच्या.

द्रुपदाताई रेवदंड्याच्या उपकेंद्रात नर्स होत्या. माहेर कोळीवाड्यातलं, सासरही तिथलंच. आवाज असा, की बंदरावरून हाक मारली तर होडीतल्या माणसानं मान वळवावी. मी इथल्याच शाळेत शिक्षिका. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी सातवा महिना लागला होता, तेव्हा लोहाच्या गोळ्या आणायला उपकेंद्रात गेले. कार्डावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, ‘‘पहिल्याला किती महिने पाजलंस?’’

मला रडूच फुटलं. गोळ्या घ्यायला आलेल्या बायका बघत राहिल्या.

पहिल्या वेळी माझं सीझर झालं होतं. माझी थोरली, सई, अंगावर नीट धरायचीच नाही. सारख्या चिरा पडायच्या, पाजताना डोळ्यांतून पाणी यायचं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी पावडरचा डबा आणला, मग बाटली आली आणि दीड महिन्यात माझं दूध आटलं. ‘हिला दूधच नाही’ हे वाक्य त्यानंतर सहा वर्षं प्रत्येक बारशात, प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी माझ्यासमोर म्हणायचंच. मीही ते खरं मानलं होतं.

सगळं ऐकून द्रुपदाताईंनी पेन खाली ठेवलं. ‘‘पोरगी उपाशी ऱ्हायली काय?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग? तिला उपाशी ठेवायची न्हाय म्हणून तू डबा उघडलास. आईचंच काम केलंस. रडायचं काय त्यात? तुला कुणी शिकवलं न्हाय, एवढंच झालं. रविवारी येते मी.’’

रविवारी त्या खरंच आल्या. सईची बाहुली मागून घेतली, ती माझ्या हातात दिली आणि शिकवणी सुरू झाली. मी बाहुलीचं तोंड छातीशी नेलं, तशी त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. ‘‘घाई करायची न्हाय. पोर चोच करील, तवा द्यायचं न्हाय. जांभई देतं तसं मोठं तोंड उघडलं, की वढून जवळ घ्यायचं. हनवटी आधी टेकली पायजे. नुसतं टोक तोंडात गेलं तर चिरा पडणारच.’’ सीझरच्या टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला काखेखालून, बाजूनं धरायचं, हेही त्यांनीच दाखवलं. शेजारच्या काकूंनी मला आधीपासून स्तनाग्रं खरखरीत फडक्यानं घासून घ्यायला सांगितलं होतं. ते ऐकून ताई उखडल्या. ‘‘ते काय भांडं हाय घासायला?’’

माझ्या नवऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. बाळ जन्मल्यावर लवकरात लवकर आईच्या छातीवर उघडं ठेवा, विचारल्याशिवाय वरचं काही देऊ नका, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचं काम त्याचं. खरी अडचण सासूबाईंची होती. त्या पेणकडच्या भातशेतीच्या गावातल्या, स्वभावानं प्रेमळ, पण बाळ रडलं की ते भुकेलंच आहे असं ठरवणाऱ्या. ताईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. म्हणाल्या, ‘‘वहिनी, महत्त्वाचं काम तुमच्याकडं. लंगोट ओला झाला की वाटीत एक वालाचा दाणा टाकायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिवसाला सहाच्या वर दाणे पडले, की समजायचं पोटात जातंय. कमी पडले तर डाक्टरला दाखवायचं. लागलाच तर डबा हाय, तो काय आपला शत्रू न्हाय.’’ सासूबाईंनी वाटी त्याच दिवशी घासून ठेवली.

अलिबागला पुन्हा सीझर झालं. मुलगा. पहिल्या तासातच तो माझ्या छातीवर होता आणि दोन दिवस चिकाचे थेंब चांगला चोखत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध एकदम भरून आलं. छाती दगडासारखी झाली, बाळाला तोंडात धरताच येईना. ते ओरडत होतं, मी रडत होते. शेवटी मीच म्हटलं, ‘‘आई, डबा मागवा.’’ सासूबाई वाटी हातात घेऊन उभ्या राहिल्या. ‘‘द्रुपदेला फोन केलाय. ती येईस्तोवर थांब.’’

ताई भरदुपारी रिक्षानं आल्या. मी जेवले नव्हते. आधी त्यांनी मला चार घास भरवले. मग कोमट पाण्यात फडकं बुडवून शेक दिला, हातानं हळूहळू थोडं दूध काढायला लावलं, ते चमच्यानं बाळाला पाजलं. ‘‘दगडाला तोंड कसं लावील गो ते? आता मऊ झालंय, आता घे.’’ बाळानं जांभई द्यावी तसं मोठं तोंड उघडलं. मी ओढून घेतलं. दुखलं नाही.

‘‘आता बोलू नको,’’ ताई पुटपुटल्या, ‘‘ऐक.’’

गटक. थोडं थांबून पुन्हा गटक. बाळ दूध गिळत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच मला ते वाक्य खोटं वाटलं. पाचव्या दिवशी वाटीत सात दाणे पडले आणि सासूबाईंनी वॉर्डातल्या सगळ्यांना ते मोजून दाखवले.

गेल्या वर्षी द्रुपदाताई निवृत्त झाल्या. मुलगा पनवेलला असतो, त्यानं कायमचं राहायला बोलावलं. मी त्यांना एसटीत बसवायला गेले होते. त्यांची पिशवी आत ठेवली, त्या खिडकीशी बसल्या. तेवढ्यात स्टँडच्या बाकावर एक तरुण बाई ओढणीखाली रडणाऱ्या तान्ह्याशी झगडताना त्यांना दिसली. ताई उतरल्याच.

‘‘मावशी, गाडी सुटतेय!’’ कंडक्टर ओरडला.

‘‘सुटू दे रे बाबा, हितं पोर उपाशी हाय!’’ मागे वळून न बघता त्या बाकावर टेकल्या आणि तिच्या कोपराखाली त्यांनी आपला हात धरला. कंडक्टरनं हसत पिशवी माझ्याकडे दिली. गाडी गेली. थोड्या वेळानं बाळ शांत झालं.

त्या बाईनं डोळे पुसले आणि विचारलं, ‘‘ताई, तुम्ही इथल्याच का?’’

द्रुपदाताईंनी गाडी गेली त्या रस्त्याकडे एकदा पाहिलं.

‘‘व्हय गो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हितलीच.’’