पायरीवरून परतलेली डबी

“गाठ कॅन्सरची आहे. आणि खूप खाली, गुदद्वाराजवळ आहे,” बेळगावचे डॉक्टर म्हणाले. “शौचातून रक्त कधीपासून जातंय?”

वर्षभर, म्हटलं. मूळव्याध समजून ताक पीत होते.

“याआधी तपासणी कुणी सुचवली नव्हती?”

सुचवली होती. त्याचीच तर चीड आहे.

दोन वर्षांपूर्वी गावात देवळाच्या मंडपात आरोग्याचं व्याख्यान झालं. पन्नाशीनंतर ‘ऑकल्ट ब्लड टेस्ट’ करून घ्या, म्हणजे शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायची साधी तपासणी, असं नर्सबाईंनी मराठीत नीट समजावलं. अण्णांनी त्यांना शाल-नारळ दिला. अण्णा म्हणजे माझे चुलत दीर, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. आम्हा म्हाताऱ्यांना नमुन्यासाठी डब्या वाटल्या. सकाळी तिथंच आणून द्यायच्या होत्या.

लाज गिळून मी डबी भरली, पदराखाली घेऊन गेले. अण्णा पायरीवर उभे.

“ह्ये घिऊन देवळात येतीस व्हय गं? देवाधर्माचा काय इचार हाय का न्हाय?”

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. मी तशीच वळले आणि डबी उकिरड्यावर टाकली. त्या दिवशी एकही डबी आत गेली नाही.

निदानानंतर बाकीचं आतडं तपासायला कोलोनोस्कोपी, म्हणजे आत कॅमेरा घालून पाहणं. ऑपरेशन. बेळगावातच, अनगोळला लेकीकडे राहून केमो. आता कोलोस्टॉमी आहे, म्हणजे शौचाची वाट पोटावर काढून तिला पिशवी लावलीय. जन्मभरासाठी. “गाठ लहान असताना सापडली असती, तर कदाचित पिशवी लागली नसती,” डॉक्टर म्हणाले. त्या ‘कदाचित’चा मला अजून राग येतो.

यंदा त्याच नर्सबाई देवळाच्या मंडपात पुन्हा आल्या. त्यांनी हार मानली नाही, याचे उपकार मानते. त्यांनी मलाच बोलायला बसवलं.

“रगात दिसलं की मूळव्याध म्हणून गप बसू नका. दिसायच्या आदीच डबी द्या,” मी म्हटलं. मग पहिल्या रांगेत बघितलं. “अण्णा, माझी डबी पायरीवर अडवलीसा. आता त्येच पोटावर बांधून देवाफुडं बसलीया. उठवतासा?”

नर्सबाईंनी डब्या वाटल्या, तेव्हा अण्णांनीही हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी पहिली डबी त्यांचीच आली, टॉवेलात गुंडाळून. कुणी अडवलं नाही. मला बरं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही वाटलं. त्यांच्या डबीला पायरी मोकळी झाली, ती माझं पोट कापल्यावर.