विलायती रंध्याची बोली

जळगावला कारकुनी करत असताना मला जुन्या हत्यारांचा नाद लागला, तो एका इंग्रजी मासिकामुळे. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणारा माझा एक मित्र वाचून झालेली मासिकं मला आणून द्यायचा. एका अंकात सुताराच्या जुन्या रंध्याचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की असल्या रंध्यांचे विलायतेत लिलाव होतात आणि एकेकाला स्कूटरएवढी किंमत येते. मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्याकडे खिळा ठोकायचा असला तरी शेजारच्या भाऊंना बोलवावं लागतं."

खोटं नव्हतं ते. पण मला खिळे ठोकायचेच नव्हते. मला पारख करायची होती.

मी दर शनिवारी जुन्या बाजारात जाऊ लागलो. पहिल्या दोन खेपांना करवत आणि पटाशी स्वस्तात मिळाली. तिसऱ्या खेपेपासून गोणपाटावर माल मांडून बसणारे मला लांबूनच ओळखू लागले आणि भाव वाढले. हातोडीवर गंज दिसला की मी ती जुनी समजून उचलायचो. असं वर्षभर चाललं. मग एका विक्रेत्यानेच, बहुधा माझी कीव येऊन, सांगितलं की नवी हातोडी आठ दिवस मिठाच्या पाण्यात ठेवली की असा छान गंज चढतो. तोवर माझ्याकडे अशा पाच हातोड्या झाल्या होत्या.

शहाण्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. मी मात्र असं ठरवलं की बाजारात फसवणूक होते, तेव्हा माल थेट मुळातून घ्यावा. त्याच सुमारास भडगावकडचा एक बंद पडलेला जिनिंग कारखाना लिलावात निघाल्याची नोटीस पेपरात आली. यंत्रं, पट्टे, भंगार आणि 'सुतारखात्यातील किरकोळ हत्यारे'. किरकोळ हा शब्द वाचून मला हसू आलं. लिहिणाऱ्याला काय कळतंय, असं मला वाटलं. एक दिवसाची रजा टाकून मी एसटीने गेलो.

कारखान्याच्या पटांगणात भंगारवाल्यांची गर्दी होती. दुपारपर्यंत यंत्रं गेली. मग सुतारखात्याची लाकडी पेटी पुढे आली. त्यात बाकी सगळं साधंच होतं, पण एक लोखंडी रंधा होता. मागे लाकडी मूठ, पुढे धरायला गोल बोंड आणि लोखंडावर उठावाची इंग्रजी अक्षरं. मासिकातल्या फोटोतला जणू सख्खा भाऊ. मी तो हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला, आणि ते लिलाव करणाऱ्याने पाहिलं. पेटी एकगठ्ठा विकायची सोडून त्याने रंधा बाजूला काढला. "अस्सल विलायती," तो ओरडला. त्याआधी त्याने कशालाच अस्सल म्हटलं नव्हतं.

वीस रुपयांपासून सुरुवात झाली. भंगारवाले चाळीसला गप्प झाले. त्यांचा हिशेब किलोचा होता. राहिलो मी आणि समोर उभा असलेला एक म्हातारा. धोतर, टोपी, बाह्या दुमडलेल्या. शेजारच्या माणसाला विचारलं तेव्हा कळलं की हे नाना, जवळच्याच गावचे, याच कारखान्यात तीस वर्षं सुतार होते.

मी पन्नास म्हटलं की नाना साठ म्हणत. आवाज न चढवता, जमिनीकडे बघत. शंभर झाले. नव्या रंध्याची किंमत मला माहीत होती, ती सव्वाशेच्या आसपास होती. सव्वाशेला मी थांबणारच होतो, पण नानांनी दीडशे म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याने तीस वर्षं हे हत्यार वापरलं तो दीडशे द्यायला तयार आहे, म्हणजे यात काहीतरी आहे. मी दोनशे म्हणालो. नाना सव्वादोनशे म्हणाले. माझी खात्री पटत गेली. मी तीनशे चाळीस म्हणालो तेव्हा नानांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. रंधा माझा झाला. भंगारवाले हसत होते, आणि मला वाटलं की ते नानांना हसताहेत.

घरी येऊन मी सागाच्या फळीवर रंधा चालवला. तो फळीत रुतला. पुन्हा चालवला, एक ढलपा उडाला आणि तळहाताला फोड आला. आठ दिवसांत एकही सरळ साल निघाली नाही. शेवटी गल्लीतल्या सुताराला दाखवला. त्याने मूठ धरून पाहिली, हात बदलला, पुन्हा पाहिली आणि म्हणाला की साहेब, हा डावखुऱ्या माणसाचा रंधा आहे. मूठ डाव्या पंजाला झिजलीय, पातंही त्याच्याच हाताच्या दाबाने घासलंय. उजव्या हातात हा जन्मात बसायचा नाही.

मला फार वाईट वाटलं, आणि ते वाटण्यात थोडा आनंदही होता. एका कारागिराच्या हातातलं हत्यार मी पैशाच्या जोरावर हिसकावलं होतं. आता ते परत करायचं, फुकट. पुढच्या रविवारी मी नानांच्या गावी निघालो. नाना काय म्हणतील, मी काय म्हणेन, हे सगळं एसटीत मनाशी दोनदा घोळवून झालं. दुसऱ्या वेळी नानांचे डोळे भरून आले होते.

नाना अंगणात दाराची चौकट तासत होते. डाव्या हातात एक नवाकोरा रंधा होता. मी रंधा पुढे केला आणि ठरवलेलं वाक्य म्हणालो. त्यांनी तो घेतला, जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, हा जड आहे. खांदा भरून यायचा. नवा हलका आहे, चाळीसगावच्या बाजारातून आणला, बोलीसाठी नेलेल्या पैशातून उरले त्यात नातीला फ्रॉकही आला.

मग तुम्ही बोली का लावत होतात, मी विचारलं. माझा आवाज जरा तक्रारीचाच होता.

नानांनी सुरुवातीचं सरळ सांगितलं. भंगारवाला भट्टीत घालील म्हणून वाईट वाटलं, तेव्हा चाळीस-पन्नासपर्यंत जायचं ठरवलं होतं. पुढचं सांगताना ते थोडे ओशाळले.

"तुम्ही शिकेल माणूस. तुम्ही वाढावतस, मंग यामा काहीतरी व्हईच, जे माले तीस वरीसमा दिखनं नही."

शिकलेला माणूस बोली वाढवतोय, म्हणजे आपल्याला तीस वर्षांत न दिसलेलं यात काहीतरी असणारच, असं त्यांना वाटलं होतं. माझंही तेच झालं होतं, हे त्यांना सांगायला हवं होतं. पण पारखी म्हणून आलेल्या माणसाला ते जड गेलं. आतून चहा आला. माझा चहा पिऊन होईपर्यंत नानांनी पातं काढून दगडावर घासलं, उजव्या हाताला चालेल असं सरळ केलं, आणि कानशीने मुठीचा एक कंगोराही उतरवला. पैसे घेतले नाहीत. फळी कशी धरायची, पाय कुठे ठेवायचा, तेही दाखवलं. त्यांनी उजव्या हाताने एकदा चालवून दाखवला तेव्हा तो त्यांच्याही हातात रुतला, आणि आम्ही दोघं हसलो.

त्यानंतर मी जुन्या बाजारात जाणं सोडलं. त्या रंध्याने मी एक पाट केला. तो एका बाजूला कलतो. पुढे धुळ्याला बदली झाली तेव्हा पाट आणि रंधा दोन्ही सोबत नेले. तिथे घरी आलेल्या एका पाहुण्याने रंधा हातात घेऊन त्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली आणि विकायचा का म्हणून विचारलं. चांगली किंमत मिळते म्हणे याला, त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं.

मी हो म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "विकायचा नाही. अजून वाढेल."