मिस्टर ब्राउनची तब्येत

विमा विकून पोट भरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आजार, अपघात आणि मरण हे शब्द गिऱ्हाइकाला एकदाही न चिकटवता इंग्लंडातल्या सगळ्या लेस्टर गावाला विमा विकणारा माणूस मी एकच पाहिला. ते ह्यांच्या आत्याचे जावई. म्हणून आम्ही त्यांना जावईबापू म्हणायचो, आणि आमचं ऐकून ऐकून बेलग्रेव्ह रोडवरचे गुजराती दुकानदारही तेच म्हणायला लागले. साठीला टेकलेला, टक्कल पडलेला, नातवंडांचा आजोबा असलेला हा माणूस सबंध गावाचा जावई होता. त्याची त्याला काही तक्रार नव्हती, कारण कुठेही गेलं तरी बसायला चांगली खुर्ची आणि बशीत काहीतरी गोड हे ठरलेलं.

धंदा इन्शुरन्स ब्रोकरचा, तोही स्वतंत्र. "मी गावाचा जावई असेन वहिनी, पण कुठल्या कंपनीचा नाही," असं ते म्हणायचे, आणि ते खरं होतं. सगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं ते सारख्याच तुच्छतेनं कार्पेटवर पसरायचे. ही पैसे द्यायच्या वेळी फोन उचलत नाही, हिची अक्षरं मुंगीएवढी का आहेत ते विचारा, आणि ही फक्त ठणठणीत माणसांनाच बरं करते. विकायला आलेला माणूसच मालाला नावं ठेवतो म्हटल्यावर लोक डोळे मिटून सही करायचे. फक्त अमावास्येला पॉलिसी सुरू करायची नाही. त्यासाठी ते लंडनच्या हेड ऑफिसला फोन करून गंभीर आवाजात "फॅमिली रीझन्स" म्हणायचे आणि तारीख एक दिवस पुढे ढकलून घ्यायचे.

आणि अशुभ बोलायचं नाही. आपल्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. जावईबापूंनी हा नियम सबंध वैद्यकशास्त्राला लावला होता. समोर बसलेल्या माणसाला "तुम्हाला उद्या कॅन्सर झाला तर" असं म्हणायचं म्हणजे काय! म्हणून त्यांनी मिस्टर ब्राउन नावाचा एक गोरा मनातल्या मनात पाळला होता. "समजा, ब्राउनचा पाय मोडला." "समजा, ब्राउनच्या पोटात गाठ निघाली." ह्या बिचाऱ्या ब्राउनला मधुमेह होता, मोतीबिंदू होता, मुतखडा होता, शिवाय बागेतल्या शिडीवरून तो सारखा पडायचा. एकदा मी म्हटलं, "जावईबापू, एवढं सगळं झाल्यावर तुमच्या ब्राउनला कोण घेणार पॉलिसीत?" लाडू संपवून ते म्हणाले, "तेच तर सांगतोय वहिनी. त्यानं वेळेवर माझं ऐकलं नाही."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यांची होजिअरीची फॅक्टरी बंद व्हायचं ठरलं. नोकरीबरोबर फॅक्टरीनं काढलेला खासगी हॉस्पिटलचा विमाही काही महिन्यांत संपणार होता. ह्यांच्या छातीत पूर्वी एकदा दुखून गेलेलं. नवा विमा चुकीचा निवडला तर नेमकं तेच दुखणं वगळलं जाणार, आणि मग सरकारी हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टमध्ये बसा वाट बघत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही गणितात बी.एस्सी. मला कुणी समजावून सांगायची गरज नाही, असं म्हणून मी सगळी माहितीपत्रकं स्वतःच वाचायला घेतली. दिवसभर शाळेत दांडगट पोरांना अपूर्णांक शिकवायचे, मग स्वयंपाक, मग ही पत्रकं. प्रत्येकावर हिरवळीवर हसणारं तेच गोरं म्हातारं जोडपं. त्यांना एवढं हसायला काय झालं होतं, देव जाणे. शेवटी डोकं बधिर झालं आणि मी जावईबापूंना फोन केला.

ते आले, चांगल्या खुर्चीत बसले. छातीचं मी विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "काही नाही गं, गॅस आहे." तेच आता जावईबापूंनाही ऐकवतील, असं मनाशी म्हणत मी चहा टाकायला गेले. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं.

"अण्णा, ब्राउन जिना कसा चढतो हल्ली?"

"चढतो की."

"एका दमात?"

हे म्हणाले, "नाही. मध्येच बसतो. बायकोला वाटतं, बुटाची नाडी बांधतोय."

"आणि डावा हात?"

"जड होतो. थंडीत बस स्टॉपपर्यंत चालताना तर फारच."

"मग बायकोला सांगत का नाही तो?"

"फॅक्टरी बंद होतेय. ती आधीच दमलेली असते बिचारी. तिला आणखी काय सांगायचं?"

चहा उतू गेला. इतकी वर्षं संसार करून जे मला कळलं नव्हतं, ते ह्यांनी कधी न जन्मलेल्या एका इंग्रजाच्या नावावर सांगून टाकलं होतं.

मी बाहेर आले तर जावईबापू पत्रकं गोळा करत होते. "आज काही घ्यायचं नाही वहिनी. फॅक्टरीची पॉलिसी अजून जागी आहे. उद्या सकाळी ब्राउनला जीपी डॉक्टरकडे न्या. नवीन नंतर बघू. जुनं दुखणं न वगळणारी एक कंपनी आहे, महाग आहे, पण आहे."

"नेते ना. बघतेच त्या ब्राउनकडे," मी ह्यांच्याकडे बघून म्हटलं. हे घाईघाईनं वाकले. पायात बूटच नव्हते.

जुनी पॉलिसी संपायच्या आत ह्यांची बायपास झाली. मग ती महाग कंपनीही घेतली, अमावास्या टाळून.

पुढे काही वर्षांनी, पानगळीच्या दिवसांत, जावईबापू आमच्याकडे आले. हातात बॅग नव्हती. मी शिऱ्याची बशी पुढे केली, ती त्यांनी हळूच बाजूला सारली.

"ब्राउनला हल्ली घास गिळवत नाही, वहिनी."

मग ह्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात त्याला?"

"उशीर केला म्हणतात. ऐकत नाही ना कुणाचं."

"त्याला सांगा," हे म्हणाले, "हॉस्पिटलात सोबतीला आम्ही आहोत."

जावईबापूंनी मान हलवली. दाराशी बूट घालताना ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. ह्या वेळी ते नुसती नाडी बांधताहेत असं मला वाटलं नाही.

"येतो," ते म्हणाले.

"या," मी म्हटलं, आणि त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली तरी दार लावलं नाही.