खालची फळी

"बाकी माझं सगळं ठीक आहे हो, फक्त डावीकडे जरा वाहतूक तुंबलीय," वेइयो किन्नुनेन डॉक्टरबाईंना म्हणाला होता.

लग्नाला सहा वर्षं झाली, अडतिसावं लागलं, तेव्हा त्याला कळलं की डाव्या अंडकोशातल्या शिरा फुगून त्यांचा गांडुळांसारखा पुंजका झालाय. व्हेरिकोसील. शुक्रजंतू कमी, आणि आहेत त्यातले बरेचसे जागचे हलत नाहीत. "माझ्यावरच गेलेत," वेइयो म्हणाला. तुइरे, त्याची बायको, हसली नाही. तिच्या तपासण्यांत काहीच निघालं नव्हतं.

वेइयो सौनाच्या, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या लाकडी न्हाणीघरांच्या, भट्ट्या बांधायचा. तळ्याकाठच्या त्या गावात निम्म्या घरांना त्याच्या हातची ऊब होती. स्वतःच्या घरी मात्र एक पाळणा हलेल एवढीही नाही, असं तो स्वतःच सांगत फिरे. दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत आपण म्हणून टाकलेलं बरं.

ऑपरेशनची तारीख ठरत आली तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याने भरलेला कागद पुन्हा चाळला.

"उष्णतेशी संबंध येतो का, इथे तुम्ही 'नाही' लिहिलंय. भट्ट्या बांधता ना?"

"बांधताना विटा गारच असतात."

"आणि रोज संध्याकाळी तासभर सौनात, सगळ्यात गरम अशा वरच्या फळीवर बसतोस, ते काय रे?" तुइरे म्हणाली. "फ्रिज?"

वेइयो खरोखरच चक्रावला. तो खोटं बोलला नव्हता. सौना म्हणजे सौना. वडील त्याच्याशी आयुष्यात जे काही बोलले, ते त्या वाफेतच. श्वास घेता का, असं कागदावर विचारलं असतं, तरी त्याने 'विशेष नाही' असंच लिहिलं असतं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "उष्णतेनेही शुक्रजंतू घटतात. तीन महिने सौना बंद. नवे जंतू तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग पुन्हा तपासू. आकडे सुधारले तर सुरी कशाला? नाही सुधारले, तर ऑपरेशनचं बघू. त्यानेही सगळ्यांनाच गुण येतो असं नाही."

"तीन महिने? त्यापेक्षा आत्ताच कापा."

तुइरेने नुसतं पाहिलं. त्याने शब्द दिला.

दहा आठवडे तो शॉवरखाली उभा राहिला. भिजलेल्या कोंबडीसारखा दिसतो, हेही त्यानेच गावाला सांगितलं. का, ते मात्र सांगितलं नाही.

अकराव्या आठवड्यात सासऱ्यांची, आहतींची, नवी सौना पहिल्यांदा तापली. तिची भट्टीही वेइयोच्या हातची, फळ्याही. भट्टी ज्याने बांधली त्याने पहिल्या वाफेला वर बसायचं, ही रीत. वेइयो कपड्यांनिशीच आत शिरला. दगड बघून सटकायचं, असा बेत होता.

"काढा कपडे, जावईबापू!" वरून आहती ओरडले.

"स्वतःच्या विटांचा भरवसा नाही वाटतं," मेहुणा रेइयो म्हणाला.

"वर झेपत नसेल तर खाली बसा, पोरांच्या फळीवर," आहती हसत म्हणाले. "नाहीतरी ती रिकामीच राहणार."

वेइयोने पळीभर पाणी दगडांवर टाकलं, ते चरचरलं. वेइयोच्या जिभेवर एकाला तीन विनोद तयार होते, तिन्ही स्वतःवरचे, तिन्ही चांगले. त्याने खालच्या फळीकडे पाहिलं. ती इतकी बुटकी करायला कुणी सांगितलं नव्हतं. छोटे पाय जमिनीला टेकावेत म्हणून त्यानेच मापात चार बोटं कमी केली होती.

हातातली पळी त्याने बादलीत ठेवली, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार जपून ओढून घेत तो निघून गेला.