टाळू बघणाऱ्या मावशी

"टालू बगू दे आदी." बाळाचं तोंड बघायच्याही आधी मावशी हे म्हणायच्या. गरम पाण्याने धुतलेले हात पदराला पुसून दोन बोटं टाळूवर अलगद ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. "हाय, मऊ हाय," असं त्या म्हणाल्या की घरातल्या बायकांना उगाचच हायसं वाटायचं.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. आमच्या मावशी ठाकुर्लीच्या जुन्या गाववाल्यांपैकी. शेतं गेली, तिथे इमारती आल्या आणि त्या इमारतींमधली निम्मी पोरं ह्यांच्याच पायांवर न्हायली. बोलणं एक घाव दोन तुकडे. शेजारच्या एका सुनेने मोबाइलवर बघून त्यांना मालिश शिकवायला घेतली, तर बाळ तिच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मंग मोबाइललाच सांग न्हाऊ घालाला."

बाळाचं डोकं गोल करण्यात त्यांचा हातखंडा होता. खाली मोहरीची उशी, वर त्यांचा तेलाचा हात. तेवढ्यासाठीच सासूबाईंनी त्यांना मला सातवा लागल्यापासून सांगून ठेवलं होतं.

माझ्या निनादचं डोकं जन्मतःच लांबट होतं. पहिल्या दिवशी मावशींनी बोटं ठेवली, डोळे मिटले. बोटं पुढे गेली, मागे आली, मधोमध थांबली. मी पलंगावरून बघत होते. त्यांनी बाळाच्या अंगाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, पण डोकं सोडून दिलं. टाळू लागत नाही, मधोमध हाडाची धार लागते, आजच डॉक्टरला दाखवा, एवढं सांगून निघून गेल्या.

सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे सगळ्यांचीच डोकी लांब, ह्याच्या बापाचं बघ. मलाही तेच खरं हवं होतं. लशीच्या वेळी विचारू, म्हणून आम्ही विषय मिटवला.

मावशी रोज यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "दावलंस?" दारावरची बेल वाजली तरी मला धडकी भरायला लागली. दहाव्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच मोहरीची उशी शिवली आणि जरा जोर लावा म्हणाल्या, बाकीच्यांचं करता तसं आमच्याही बाळाचं करा. मावशींनी निनादला उचलून माझ्याकडे दिलं. "मी हात नाय लावनार."

माझं डोकंच फिरलं. रात्ररात्र झोप नाही, टाके दुखतायत आणि त्यात हे. माझ्या धडधाकट पोराला काहीबाही चिकटवू नका, उद्यापासून येऊ नका, असं मी तोंडावर सांगून टाकलं. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

सासूबाई रागाने स्वयंपाकघरात गेल्या. मावशींनी खोलीचं दार लोटलं आणि माझ्यासमोर फरशीवर बसल्या.

"माज्या नातीची टालू अशीच बंद होती. माज्या बोटांना समजलं होतं. पन लेकीला बोलले, डाक्तर कशाला, माजा हात हाय ना. वरीसभर दाबत रायले. पोरीची नजर गेली, बाय." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "लेक बोलते, पोटुशी होती तवा ग्रहन लागलं. मी तिला अजून खरं सांगलं नाय. तुला सांगते."

त्याच दुपारी आम्ही ठाण्याला नौपाड्यात बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासण्या झाल्या. बाळाच्या कवटीच्या हाडांमध्ये फटी असतात, मेंदू वाढेल तशी त्या जागा करून देतात. निनादची मधली फट माझ्या पोटातच जुळून गेली होती. मालिशने हे होत नाही आणि जातही नाही, नुसता वेळ जातो आणि आतला दाब वाढून नजरही जाऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले. इतक्या लवकर ओळखलं कोणी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, आमच्या न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी.

तिसऱ्या महिन्यात ठाण्यालाच ऑपरेशन झालं. त्या दिवशी सासूबाईंनीच फोन करून मावशींना बोलावून घेतलं. दोघी एका बाकावर बसल्या होत्या, चहासुद्धा घेतला नाही. मला तर ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराकडे बघवतही नव्हतं. सगळं नीट झालं, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितल्यावर मावशी भिंतीला टेकल्या. मी माफी मागायला गेले, तर हाताने मला गप्प केलं. वर्तकनगरला एका बाळंतिणीचं न्हाणं आहे म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

मागच्या वर्षी मावशी गेल्या. निनाद आता पहिलीत आहे. मावशी गेल्याचं कळलं तेव्हा त्याला घेऊन मी त्यांच्या घरी भेटायला गेले. मी कोण ते सांगितल्यावर मावशींच्या लेकीने त्याला जवळ घेतलं, केस बाजूला करून टाक्यांची जुनी खूण नीट बघितली. तिची मुलगी खाटेवर बसली होती. वीस-बावीस वर्षांची, मान आमच्या आवाजाकडे वळवलेली.

लेकीने मला सरळच विचारलं, "तुज्या पोराचं आयेला कललं. माज्या पोरीचं कसं नाय कललं?"

सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मावशींनी ते मला सांभाळायला दिलं होतं की कधीतरी सांगायला, हे मला आजही ठाऊक नाही. खोटं मात्र बोलवेना.

"तुमच्या मुलीमुळेच कळलं त्यांना," मी म्हटलं. "ती नसती तर माझ्या निनादचं कुणाच्या लक्षातच आलं नसतं."

लेक उठली, खाटेवर मुलीला खेटून बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "आयकलंस?"