फुलांच्या घाटीत मागे राहिलेल्या ताई

फोन आला तेव्हा माझी शेअर रिक्षा धामणकर नाक्यावर दोन ट्रकांच्या मध्ये अडकली होती. हॉर्नच्या गोंगाटात पुतण्याला दोनदा विचारावं लागलं. "काकू, आई गेली..." इंदूताई, माझी थोरली जाऊ. दीड महिना होईल आता.

दिरांच्या पॉवरलूमवर ताईंनी वीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. सुताची धूळ छातीत बसली आणि दम लागायला लागला तो कायमचा. लग्नकार्य सोडलं तर खारबाव गावाबाहेर त्या कुठे गेल्या नव्हत्या. मी शाळेत शिकवते. सहा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आम्ही काही शिक्षिका हिमालयातली फुलांची घाटी बघायला निघालो होतो. ऐनवेळी एकीचं रद्द झालं, तर ताई हळूच म्हणाल्या, "मी येऊ गो, शैला?"

घांगरिया या शेवटच्या मुक्कामापासून पुढची चढण पायीच. खेचरं आत सोडत नाहीत. पाठीवरच्या टोपलीत माणसाला बसवून नेणारा कंडीवाला होता, पण ताई ऐकेनात. "मानसाच्या पाठीवर बसून फुलं बगू? न्हाय जमाचं." दहा पावलं चालायच्या, थांबायच्या. बाकीच्या दिसेनाशा झाल्या. अंधाराआधी परतायचं होतं... माझा तोल सुटला. "तुमच्यापायी माझंही राहणार, ताई!"

त्या एका दगडावर टेकल्या. "तू जा. मी हाय हितंच."

आणि मी गेले. वळूनही पाहिलं नाही.

वर पोचले. बर्फाळ कड्यांखाली पिवळी, जांभळी, निळी फुलं पार नदीपर्यंत उतरलेली. एवढं सुंदर समोर असून डोळे तिथे ठरेनात. अर्ध्या वाटेवर माणूस टाकून आले होते मी. तशीच धावत उतरले.

ताई तिथेच होत्या, ओठांवर बोट ठेवून. त्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावर उंदराएवढा, बिनशेपटीचा, गोल कानांचा प्राणी तोंडात गवत धरून दगडांच्या फटीत शिरत होता. थंडीसाठी चारा साठवणारा तो पिका, हे नंतर आमच्या वाटाड्यानं सांगितलं. "चौथी खेप हाय त्याची," ताई कुजबुजल्या. मी गेल्याचा विषयही नाही.

मग त्यांचा हात धरून, बसत-उठत, दीड तासानं आम्ही वर पोचलो. डोक्याएवढ्या उंच गुलाबी फुलांपाशी ताई थबकल्या. "अगो, ह्यो तर आपला तेरडा! गौरी हितून येतात काय?" तोडायला मनाई होती, त्यांनी फांदी वाकवून नुसती गालाला लावली.

मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू...

तेराव्याला ओसरीवर बायका बसल्या होत्या. ताईंची सून म्हणाली, "काकू, दर गौरीला आई ती घाटी सांगाच्या. म्हनाच्या, शैलानं माझा हात एकदा पन सोडला न्हाय."

सगळ्या कौतुकानं माझ्याकडे बघायला लागल्या. मला राहवेना. दगडापाशी काय झालं, मी काय बोलले, सगळं सांगून टाकलं.

सुनेनं किटलीतून चहा ओतला. मग माझ्या हातात चहाचा कप देत म्हणाली, "तरी बी आई तसंच सांगाच्या, काकू."