आप्पांची जागा आणि डॉक्टरांची कार्डं

चार माणसं एका लहान बोटीत बसवा आणि खाडीला ओहोटी लागू द्या. पाणी उतरायला लागलं की किस्से वर यायला लागतात. आमचे तर इतके साठलेत की घरी कुणी आलं की चहाला उकळी यायच्या आत माझा एक सांगून होतो. नवरा आतून म्हणतो, "हा त्यांना गेल्या खेपेला सांगितलायस." मी तरी सांगतेच. त्याला ऐकायचा नसेल तर त्याने आतच बसावं.

आमची बोट म्हणजे साळुंकी. दोन शिडं, एक डोलकाठी, चार माणसं बसली की पाचव्याने उभं राहायचं. मुंबईच्या कुणीतरी वापरून सोडलेली आम्ही चौघांनी मिळून घेतली. पेणचे दोघे, म्हणजे आप्पा आणि मी. रोह्याचे दोघे, म्हणजे दाताचे डॉक्टर आणि कंपनीत शिफ्ट करणारा सुधीर. बोट कुठे ठेवायची यावर एवढं भांडण झालं की शेवटी वाटणी केली. दिवाळीपासून होळीपर्यंत ती पेणच्या खाडीत आणि होळीपासून पाऊस लागेपर्यंत रोह्याच्या कुंडलिका नदीत. यात रोह्याच्या वाट्याला कमी महिने येतात हे डॉक्टरांच्या तिसऱ्या वर्षी लक्षात आलं.

आप्पा माझ्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि मी गणित. आमची ओळख तेव्हाची. त्यांच्या आजोबांच्या शेतातला तांदूळ शिडाच्या होड्यांतून मुंबईला जायचा. शाळकरी आप्पा सुट्टीत पोत्यांवर बसून जायचे आणि होडीचा तांडेल त्यांच्या हातात सुकाणू द्यायचा. तेवढ्या भांडवलावर या माणसाने आम्हाला तिघांनाही शीड सोडायला शिकवलं. म्हणून साळुंकीत मागची सुकाणूजवळची जागा आप्पांची. त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही आणि कुणाला तशी गरजही वाटली नाही. पुढे जे काय झालं ते सगळं त्या जागेवरूनच झालं.

*

डॉक्टरांना सर्टिफिकेटांचा नाद. आप्पांकडे शिकून झाल्यावर ते गोव्याला जाऊन रीतसर कोर्स करून आले. मग त्याच्या वरचा कोर्स. मग त्याच्याही वरचा. प्रत्येकाचं एक कार्ड आणि एक फ्रेम. सगळ्या फ्रेमा दवाखान्यात अशा लावलेल्या की खुर्चीत आ करून पडलेल्या पेशंटला दुसरं काही दिसूच नये.

एकदा रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या एक आजी खुर्चीत बसल्या आणि फ्रेमांकडे बघत राहिल्या. सगळ्या फ्रेमांवर शिडाची चित्रं. डॉक्टर इंजेक्शन भरत होते.

आजी म्हणाल्या, "डॉक्टर, दातांचं पण कायतरी शिकलाव ना?"

हे खुद्द डॉक्टरांनीच आम्हाला सांगितलं. माणूस मोठ्या मनाचा, तेव्हाही आणि आताही.

*

तर वरचा कोर्स करून आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आप्पा, आज मी नेतो." आप्पांनी जागा दिली आणि बाजूला बसले.

आप्पांची एक सवय सांगायला हवी. दुसऱ्याच्या हातात सुकाणू असलं की हा माणूस पापणीसुद्धा लववत नसे. "दुसरा बोट हाकतोय आणि आपण डोळं मिटायचं म्हणजे येडेपणा," असं म्हणायचे. आणि मोठं वळण आलं की हात पुढे करायचे. मोठं वळण म्हणजे खाडीत डोंगर जवळ येतो ती जागा. तिथे वारा एकाएकी दुसरीकडून येतो आणि शीड फाडकन पलटतं, डोकं खाली नसलं तर कपाळमोक्ष. तिथे सुकाणू कुणाच्याही हातात असो, आप्पा म्हणायचे, "आण इकडं." आणि घ्यायचेच.

त्या दिवशी मात्र वळणापर्यंत गेलोच नाही. डॉक्टर गोव्याच्या निळ्या पाण्यात शिकलेले. तिथे कडेलाही पाणी असतं. आमच्या खाडीत पाणी दिसतं आणि हातभर खाली चिखल असतो. साळुंकी मधोमध रुतली आणि ओहोटी चालू. खाली उतरावं तर मांडीपर्यंत आत जातो. भरती येईपर्यंत बसून राहायचं, दुसरा इलाज नाही. किनाऱ्यावर माणसं जमली, गुरं राखणारे जमले, कुणीतरी घरून बायकोलाही बोलावून आणलं.

डॉक्टर कोर्सचं पुस्तक आठवून म्हणाले, "अशा वेळी शांत राहायचं असतं."

आप्पा म्हणाले, "ते जमंल. दुसरं करण्यासारखं हाय काय?"

मी पिशवीतून पोह्याचे पापड काढले. कच्चेच. तेच खाल्ले.

*

होळीनंतर बोट ट्रकवर चढवून रोह्याला न्यायची. हायवेचं काम तेव्हाही चालू होतं आणि अजूनही चालूच आहे. खांब गावाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या. डॉक्टर आणि सुधीर मागून मोटरसायकलवर, मी ट्रकच्या केबिनमध्ये. आप्पा कुठे, तर ट्रकवर, बोटीत, आपल्या जागेवर, हात सुकाणूवर.

पोलीस आला. त्याने वर बघितलं. उन्हात ट्रकवर होडी, होडीत टोपी घातलेला म्हातारा. तो बिचारा उन्हाने आधीच वैतागलेला. "लायसन दाखवा," म्हणाला. ड्रायव्हरने खिशात हात घालायच्या आत मागून डॉक्टर धावत आले आणि आपलं कार्ड त्याच्या हातात दिलं.

पोलिसाने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर शीड होतं. त्याने वर आप्पांकडे पाहिलं, परत कार्डाकडे पाहिलं.

"पाणी कुठाय?" त्याने विचारलं.

"पुढे," डॉक्टर म्हणाले.

पोलिसाने कार्ड परत दिलं आणि ट्रक कडेने पुढे काढून दिला. डॉक्टरांनी एवढी कार्डं मिळवली, पण पाण्यावर त्यांना कुणी कधी एकही विचारलं नाही. जे काय विचारलं गेलं ते खांबला, डांबरावर. पण सांगायचं म्हणजे त्या दिवशी ट्रकमागच्या सगळ्या गाड्या दुपारपर्यंत तिथेच होत्या आणि आम्ही जेवायला रोह्यात.

*

कोर्सवाल्या माणसाची आप्पा टर उडवायचे, पण एक गोष्ट डॉक्टरांनी आप्पांना ऐकायला लावलीच. लाइफ जॅकेट. आप्पा म्हणायचे, "आमच्या तांदळाच्या होडीत कुणी घातलं नव्हतं."

डॉक्टर म्हणाले, "त्यातले किती बुडाले?"

आप्पांनी जॅकेट हातात घेतलं. म्हणाले, "दोघं." आणि जॅकेट घातलं. त्यानंतर परत कधी वाद घातला नाही. बोटीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाने जॅकेट घालायचं, हा नियम पुढे आप्पांनीच सगळ्यात कडकपणे पाळला.

इतका, की माघी गणपतीला आप्पांच्या भाच्यासाठी मूर्तिकारांच्या जोहे गावाहून शाडूची मूर्ती आणली, खाडीपलीकडच्या गावात न्यायची होती. मूर्ती बोटीत ठेवली. सगळे बसले. आप्पा हलेनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"एकानं घातलं नाय अजून."

चार जॅकेटं आमच्या अंगावर होती, दोन जादा होती. आप्पांनी एक पुढून आणि एक मागून मूर्तीला बांधलं. भाचा धक्क्यावर वाट बघत होता. नारिंगी जॅकेटात बाप्पा येताना बघून त्याने हात जोडावे की हसावं हे त्याला कळेना. त्या दिवशी पलीकडच्या धक्क्यावर आमची बोट जोरात आपटली. सुधीरचा गुडघा फुटला. बाप्पाच्या सोंडेला ओरखडा नाही.

*

मग एक रविवार असा आला की जो मी कुणाला पटकन सांगत नाही. आप्पांच्या हातात सुकाणू, पाणी भरपूर, वारा बेताचा. पुढे कोळ्यांनी गाळ साठलाय म्हणून बांबू रोवून वर फडकं लावलेलं. आप्पा सरळ त्याच्यावरच निघाले.

सुधीर म्हणाला, "आप्पा, पुढं पाणी नाय."

"हाय. इथनं आमच्या तांदळाच्या होड्या गेल्यात."

"तेव्हा होतं आप्पा. आता नाय."

"हाय म्हटलं ना."

आणि आम्ही चढलो गाळावर. आप्पा कितीतरी वेळ पाण्याकडे बघत बसले. डॉक्टरांनी माझ्या पिशवीतून पापड काढले आणि पहिला आप्पांना दिला. डॉक्टरांच्या कार्डांवर मुदत छापलेली असायची, अमुक तारखेपर्यंत वैध. आप्पांच्या अनुभवाला मुदत नसते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

*

पुढच्याच वर्षी धक्क्यावर नियम आला. सुकाणूवर बसेल त्याच्याकडे सर्टिफिकेट हवं, नाहीतर बोट पाण्यात घालू देणार नाही. डॉक्टरांच्या कार्डांची मुदत तोवर संपली होती आणि ते म्हणाले, "मी नवीन काढत नाही. काढलं तर मला त्या जागेवर बसावं लागेल." सुधीरने आप्पांना परीक्षेला बसायला राजी केलं. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करतील, पण आप्पा म्हणाले, "घेऊ द्या परीक्षा. आयुष्यभर मी घेतल्या."

परीक्षा घ्यायला आलेला मुलगा गुणी होता. आप्पांनी त्याला गाठी मारून दाखवल्या, शीड वळवून दाखवलं, भरती कधी फिरणार ते पाण्याकडे बघून सांगितलं आणि ती तेव्हाच फिरली. मुलगा खूश. मग त्याने समोर पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाकडे हात केला.

"सर, तो बोया कुठल्या रंगाचा आहे?"

आप्पा म्हणाले, "तो काल पण तिथंच होता आणि उद्या पण राहील. रंगाचं काय घेऊन बसलाव?"

मुलगा हसला. "सर, तरी सांगा."

आप्पांनी डोळे बारीक केले. "तांबडा."

हिरवा होता. मी, डॉक्टर, सुधीर, तिघेही आपापल्या पायांकडे बघायला लागलो. फडकं लावलेला तो बांबू आप्पांना का दिसला नव्हता, ते आम्हा तिघांना एकदमच कळलं.

त्या मुलाने बोट धक्क्याला लागेपर्यंत काही लिहिलं नाही. उतरताना आप्पांना हात दिला आणि म्हणाला, "सर, बाकी सगळ्यात तुम्हाला पैकीच्या पैकी दिले असते." आप्पांचा मोतीबिंदू आधीच काढून झाला होता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, जे गेलंय ते मागच्या पडद्याचं आहे, ते परत यायचं नाही.

*

महिनाभर साळुंकी उलटी पडून राहिली. विकू या, असं डॉक्टर एकदा म्हणाले आणि लगेच माफ करा म्हणाले. मग एके सकाळी आप्पा माझ्या दारात. चपला न काढताच बोलले.

"सुमन, कोर्स कर गो."

"मी? मोठ्या वळणावर माझे हात कापतात आप्पा."

"माझे पण कापायचे. कुणाला सांगितलं नाय एवढंच."

साठी उलटल्यावर मी वर्गात पहिल्या बाकावर बसले. पोरांच्या बरोबरीने गाठी मारल्या, पास झाले, कार्ड आलं. आप्पांनी ते नाकाजवळ नेऊन पाहिलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. "फोटो बरा आलाय," म्हणाले.

पहिल्या रविवारी मी त्यांच्या जागेवर बसले. बसताना इतकं वाईट वाटलं की उठून जावंसं वाटलं. आप्पांनी पुढच्या बाकावर पाय पसरले, जॅकेटचे बंद आवळले आणि टोपी काढून तोंडावर घेतली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सुधीरने पाहिलं. मी नजर शिडावरून काढली नाही.

खाडी रुंद होती तोवर ठीक होतं. मग डोंगर जवळ यायला लागला. मी वाट बघत होते, आता हात पुढे येईल, आता म्हणतील, आण इकडं. टोपीखालून घोरण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत. वारा फिरला. मी ओरडले, "डोकी खाली!" शीड फाडकन पलटलं, बोट कलली आणि सरळ झाली. आम्ही वळणाच्या पलीकडे होतो. टोपीखाली घोरणं चालूच.

"झोपलेत?" सुधीरने हळूच विचारलं.

"गाढ," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

परत येताना पुन्हा तेच वळण, पुन्हा तेच घोरणं. बोट धक्क्याला लागली तेव्हा आप्पांनी टोपी बाजूला केली.

"आलो काय गो?"

"आलो."

घरी आल्या आल्या मी त्यांच्या बायकोला फोन लावला. त्यांना आम्ही काकू म्हणतो. म्हटलं, काकू, तुम्हाला सांगते, आज आप्पा जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मोठ्या वळणावर माझ्या हातात बोट देऊन मस्त घोरत होते.

"कोण, हे?" काकू म्हणाल्या. "घोरत होते? अगो, एवढा संसार झाला, ह्यांना घोरताना मी एकदा पण ऐकलं नाय."